दोन रात्रींची बत्ती

लातूरला आज सूर्य किती वाजून किती मिनिटांनी मावळला, हे अख्ख्या शहरात बहुधा एकाच माणसाला माहीत असायचं. आमच्या क्लासच्या मुलींच्या होस्टेलचे वॉचमन, बत्तीवाले चाचा. संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून ते पश्चिमेकडे तोंड करून बसत. समोर क्लासेसच्या पाट्या, पाट्यांवर टॉपर पोरापोरींचे दात काढलेले फोटो आणि त्यांच्या मागे कुठेतरी सूर्य. तो दिसत नसे, पण चाचांना कळत असे. ते उठायचे, फाटकावरचा बल्ब लावायचे, घड्याळात बघायचे आणि शंभर पानी वहीत वेळ टाकून लिहायचे, 'बत्ती चालू. सर्व ठीक.' रविवारी लिहायचे, ईदच्या दिवशीही लिहायचे. लाइट गेली असेल तर कंदील पेटवून लिहायचे. आम्ही मुली खिडकीतून बघून फिदीफिदी हसायचो. ते हसणं आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

चाचा मूळचे औशाकडचे, किल्लारीच्या बाजूच्या एका लहान गावचे. पुढे वीसेक वर्षं त्यांनी कोकणात दीपगृहावर नोकरी केली. जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथला माणूस जन्मभर खाऱ्या पाण्याकडे बघत बसला, याचंच आम्हाला नवल. त्यांनाही ते सांगायला आवडायचं. "मुलाखतीत साहेबानं विचारलं, समुद्र बघितला का? मी बोललो, न्हाई साहेब, पण आमच्या गावचा पाझर तलाव लई मोठा हाय. साहेब हसला अन् घेतलं मला." दीपगृह हा शब्द ते कधी वापरत नसत. त्यांच्या तोंडी ती 'बत्ती'च. मी बत्तीवर होतो, बत्तीवर असं असायचं, बत्तीवर असं चालायचं नाही. म्हणून ते बत्तीवाले चाचा. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, ते कुणी वाचत नव्हतं.

त्यांनाही आमची नावं नको असायची. होस्टेलात शंभरावर मुली, दर वर्षी नव्या. कुणाकुणाचं नाव लक्षात ठेवायचं? ते मुलीला तिच्या गावानं हाक मारायचे. "ए हिमायतनगर, तुझा बाप आलाय भेटायला." "माहूर कुठं गेली? तिला ताप हाय ना?" मी नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याची, मास्तरांची मुलगी. त्यामुळे दोन वर्षं मी 'लोहा' होते. पहिल्या आठवड्यात मी चिडून माझं नाव सांगायला गेले, तर म्हणाले, "बेटा, नाव बदलतं. लगीन झालं की आडनाव बदलतं. गाव बदलत न्हाई." त्यांचं स्वतःचं गाव जमिनीत गेलं होतं आणि सरकारनं ते दुसरीकडे पत्र्यांचं बांधून दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

नवी मुलगी आली की चाचा तिला आधी खोली दाखवायचे नाहीत, जिना दाखवायचे. तिला वरून खाली, खालून वर दोनदा चालायला लावायचे. सोबत आलेले आईबाप गोंधळायचे. त्यांना अभ्यासिका बघायची असायची, मेस बघायची असायची. चाचा म्हणायचे, "आधी जिना, मग अभ्यास." जिन्यात कुणी बादली ठेवली, चपला सोडल्या तर ते तोंडाला येईल ते बोलायचे. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण जिन्यावरून मुली त्यांना टरकून असायच्या. ते स्वतः मात्र छताखाली झोपत नसत. थंडी असो, पाऊस असो, त्यांची बाज फाटकाजवळच्या लिंबाखाली. पाऊस जोराचा आला तर वर ताडपत्री. भूकंपानंतर त्या पट्ट्यातली पुष्कळ माणसं अशीच झोपायची, म्हणून कुणी त्यांना वेडं म्हणत नव्हतं.

त्यांची भूकंपाची कहाणी क्लासमधल्या प्रत्येक पोराला पाठ होती, कारण क्लासचे सर ती दर वर्षी सांगायचे. क्लासचं चिन्हच दीपगृह होतं. वह्यांवर, बॅगांवर, फाटकावर दीपगृह. समुद्र कुणी पाहिला होता? पण दिसायला बरं दिसतं. जूनमध्ये नव्या मुलांचं स्वागत असायचं, तेव्हा सर चाचांना स्टेजवर बोलावत. चाचा धुतलेला पांढरा सदरा घालून येत आणि सरांच्या बाजूला मान खाली घालून उभे राहत. मग सर माइक हातात घेत. "पोरांनो, हा माणूस बघा. पहाटे भूकंप झाला. सकाळी रेडिओवर ह्यांच्या गावाचं नाव आलं. घरी बायको होती, सातवीतली मुलगी होती. दोघी गेल्या. जोडीदार गणपतीला गावी गेलेला, दीपगृहावर हे एकटे. निघाले का? नाही निघाले. बदली माणूस येईपर्यंत दोन रात्री ह्यांनी दिवा सोडला नाही. का? कारण समुद्रात बोटी होत्या! तुमचं लक्ष असं पाहिजे." हॉलभर टाळ्या. आमच्या वर्षी मीही हात लाल होईपर्यंत वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या दिवशी मी पाच तास जास्त अभ्यास केला. खोटं कशाला बोलू.

सर एक गोष्ट सांगत नसत, ती आम्हाला मेसच्या मावशींकडून कळली. चाचांचे मेव्हणे, रशीदभाई, औशाला शिलाईकाम करायचे. भूकंप झाला त्याच सकाळी ते गावात पोचले आणि बहीण-भाची दोघींना ढिगाऱ्यातून काढून चादरीखाली झाकून बसले. वरून पाऊस. दुल्हेभाई येतील, त्यांनी तोंड बघितल्याशिवाय माती द्यायची नाही, असं म्हणत त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या सकाळी कफनाचं कापड आणायला ते औशाला गेले. तेवढ्या वेळात मदतीला आलेल्या लोकांनी त्या गल्लीतली सगळी मयतं उचलली आणि एकत्र अग्नी दिला. कोण हिंदू, कोण मुसलमान, विचारायला कुणी शुद्धीवर नव्हतं. रोगराईची भीती होती, वासानं उभं राहवत नव्हतं. कुणाची चूक म्हणायची? चाचा चौथ्या दिवशी पोचले तेव्हा राख होती. फातिहा पढायला त्यांच्याकडे कबर नव्हती. ते परत नोकरीवर गेलेच नाहीत.

तरी रशीदभाईंनी त्यांना सोडलं नाही. सरकारी नोकरी, हजारो माणसांचा जीव हातात, दुल्हेभाई तरी काय करणार, असं ते सगळ्यांना सांगायचे. दर ईदला औशाहून बसनं शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे, आणि दोघं लिंबाखाली बसून न बोलता खायचे. जगात चाचांना तेवढं एकच नातं उरलं होतं. आम्हालाही वाटी-वाटी मिळायची.

स्टेजवर उभं राहिल्यावर चाचा दिवसभर जेवत नसत. आम्हाला वाटायचं, आठवण येत असेल.

माझा बारावीचा निकाल लागला आणि मेडिकलच्या यादीपासून मी इतकी लांब राहिले की रडायलासुद्धा लाज वाटली. घरी फोन केला नाही. दुपारी होस्टेलच्या गच्चीवर गेले आणि कठड्याला टेकून खाली बघत उभी राहिले. माझ्या मनात काय होतं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. मागून चाचांचा आवाज आला. ते धापा टाकत होते. तीन मजले चढून आले होते, आणि हा माणूस एरवी पहिल्या मजल्यावरही चढत नसे. जवळ आले नाहीत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले आणि म्हणाले, "लोहा, बत्तीच्या माडीवर नव्या माणसाला पहिलं काय शिकवतात ठाऊक हाय? खाली बघायचं न्हाई. लांब बघायचं. खाली बघितलं की पाय ओढतेत." मी वळले नाही. ते पुढे म्हणाले, "रडायचं तर रड, मी काय बोलणार न्हाई. पण जिना उतरून रड. मला ह्या वयात तुला उचलून उतरवणं हुनार न्हाई." मला हसू आलं, हसता हसता रडू फुटलं आणि मी जिना उतरले. खाली त्यांनी मला स्वतःच्या बाजेवर बसवलं, चहा मागवला आणि वडलांना फोन त्यांनीच लावून दिला.

तर मी डॉक्टर झाले नाही. नांदेडला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. लोक मला मॅडम म्हणतात, चाललंय. पण जीव त्या दिवशी चाचांनी परत दिला हे मी विसरले नाही. लातूरला जाणं झालं की फाटकाशी पाच मिनिटं थांबायचेच. आणि दर वेळी ते एकच मागायचे, "बेटा, एकदा बत्तीवर नेशील का?"

"काय राहिलंय तिथं चाचा?"

"मी थांबलो ते बरोबर केलं का चूक, ते तिथं जाऊनच कळंल. एकट्यानं जायची छाती हुईना."

मी हो म्हणायचे आणि विसरायचे. आधी लग्न, मग बाळंतपण, मग नवऱ्याची बदली, मग सासूचं ऑपरेशन. कारणं काय, ढिगानं मिळतात. आठ वर्षं मी त्या म्हाताऱ्याला आज-उद्यावर ठेवलं. शेवटी एका दिवाळीनंतर गेले तर ते काठी टेकत फाटक उघडत होते. दुसऱ्याच आठवड्यात रजा टाकली आणि आम्ही दोघं एसटीत बसलो.

पुण्यापर्यंत ते बोलत होते. मग घाट उतरायला लागलो. कोकणातली ती झाडी, तो ओला वारा बघून मीच येड्यासारखी खिडकीबाहेर डोकं काढत होते. चाचांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, गाडी लागली असेल. आल्याची वडी पुढे केली, त्यांनी ती मुठीत धरून ठेवली.

दीपगृह इंग्रजांच्या काळातलं. जुन्या किल्ल्याच्या पडक्या तटातून वाट जाते आणि टोकाला काळ्या दगडाचा तो मनोरा. वर पांढरे-लाल पट्टे रंगवलेले. क्लासच्या बॅगेवर होतं त्याच्याहून ते पुष्कळ बुटकं आणि जाड होतं. चार वाजता आत सोडायला सुरुवात झाली. सहलीला आलेली माणसं फोटो काढत होती. तिकीट फाडणारा कर्मचारी पंचविशीतला, भला पोरगा. चाचा इथे नोकरीला होते असं मी सांगितल्यावर त्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोल जिन्यानं स्वतः हात धरून वर नेलं. वर भिंगाला दिवसा पडदे लावलेले होते. चाचांनी एक पडदा बोटांनी चाचपला. मला म्हणाले, "उघडा ठेवला तर ऊन भिंगातून येतं अन् आग लागते. दिवसा झाकायचं, सांजेला उघडायचं. हेच माझं काम." मग त्या मुलाला विचारलं, "आता रात्री कोण बसतं?"

तो म्हणाला, "रात्री कशाला बसायचं काका? सगळं आपोआप चालतं. अंधार पडला की पेटते, उजाडलं की विझते. मी तर सहाला घरी जातो."

चाचा म्हणाले, "बरं झालं." आणि कठड्याकडे गेले. समोर नजर जाईल तिथवर समुद्र. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते आणि मला तो मुळीच आवडला नाही. चाचा लांब बघत नव्हते. ते खाली बघत होते, डाव्या हाताच्या वाळूकडे. तिथं कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या होत्या.

इथून पुढचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. आमच्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नसत. त्यामुळे लातूरच्या पोरांना एक सवय लागायची, एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. येत नसलं तरी काहीतरी भरून मोकळं व्हायचं. चाचांचा प्रश्न इतकी वर्षं रिकामा पडला होता, आणि मी ठरवलं की आज तो सोडवून टाकू. खाली उतरल्यावर मी त्यांना त्या वाळूकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "राहू दे बेटा, बघितलं, झालं." मी म्हणाले, "एवढ्या लांब आलोय तर विचारू तरी. त्या दोन रात्री तुमच्या बत्तीवर कुणाची होडी घरी आली असेल तर तोच तुमचा जवाब. मग कशाला मनाला लावून घेता?" मला खात्री होती. मी टाळ्या वाजवल्या होत्या ना.

वाळूवर एक कोळीण आजी सुकट वाळत घालत होती. मी तिला विचारलं, लातूरचा भूकंप झाला तेव्हाचं काही आठवतं का? ती म्हणाली, "आठवतं तर. गनपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी रेडिओवर आलं. आमच्या वाडीनं तांदूळ गोळा करून तुमच्याकडं धाडले होते."

"त्या दिवशी समुद्रात तुमच्या होड्या होत्या का हो?"

"नाय गो. गनपती बोळवले की आमच्यात तीन दिवस होडी पान्यात घालीत नायत. सगळ्या हितंच होत्या." मग तिनं डोळ्यांवर हात धरून चाचांकडे पाहिलं. पाहतच राहिली. "तुमी ते बत्तीवाले भाऊ ना? लातूरकडचे? आवो, आमचे मालक आले होते तुमच्याकडं. दोनदा आले. भाऊ, तू घरी जा, बत्ती आमी पेटवतो, हे सांगायला. गाडीभाड्याला पैसं पन घेऊन आले होते. तुमी आतून कडी लावून बसला होता. दार उघडलं नाय."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. चाचांनी वाकून ती उचलली, वाळू झटकली आणि मला दिली. आजीला हात जोडून म्हणाले, "मालक बरे हायेत का?" ते वारले होते. चाचा म्हणाले, "लई चांगला माणूस होता." एवढंच बोलून ते तटाच्या पायरीवर जाऊन बसले.

मी शेजारी बसले. तेच बोलू लागले. वर बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. "मला ठाऊक होतं बेटा. वरून सगळं दिसतं. एक होडी पाण्यात नव्हती. तो दार वाजवून राहिला, मी ऐकून राहिलो. गेलो असतो तर बघावं लागलं असतं. न्हाई गेलो तोवर दोघी घरात होत्या. बाई चूल पेटवून राहिली, पोरगी दप्तर भरून राहिली, असं मी वर बसून बघून राहिलो. दोन दिवस मी त्यांना जित्तं ठेवलं. बत्तीचं काय, बत्ती तर पेटवायची म्हणून पेटवली." मग म्हणाले, "अन् तिकडं रशीद पावसात त्यांना झाकून बसला होता. मी सकाळीच निघालो असतो तर दुसऱ्या दिवशी पोचलो असतो. माझ्या हातानं माती पडली असती. त्यांना जळू दिलं मी."

खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला, आणि त्या रागाची मला अजून लाज वाटते. मी त्यांचा हात धरला. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे आतलं आत ठेवून माणूस मरेल. म्हणून मी म्हणाले, "रशीदभाईंना सांगून टाका चाचा. मन हलकं होईल."

"त्याला कळलं तर तो येणार न्हाई."

"येतील. माणूस माणसाला समजून घेतो. इतकी वर्षं झाली आता."

ते माझ्याकडे बघत राहिले. लहान मुलानं मोठ्याला, आपण आता बाहेर जाऊ का, म्हणून विचारावं तसे. "तू बोलतीस तर सांगतो," म्हणाले. मी बोलले. त्या वेळी मी तिशीचीही नव्हते, एकही माणूस मी नीट ओळखलेला नव्हता, आणि मी सल्ला दिला. परतीच्या प्रवासात ते मला आमच्या सीटखालची बॅग नीट सरकवायला सांगत होते, पाणी पी म्हणत होते, जणू काळजी माझीच करायची होती.

त्या वर्षीच्या ईदला रशीदभाई नेहमीसारखे डबा घेऊन आले. चाचांनी सांगितलं. मेसच्या मावशी तिथंच भांडी घासत होत्या, त्यांनी मला फोनवर कळवलं. रशीदभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मी दोन दिवस लोकांशी भांडलो दुल्हेभाई. उचलायला आले त्यांच्या पाया पडलो. माझे दुल्हेभाई ड्यूटीवर हायेत, ते येतेत, थांबा म्हणून." डब्याचं झाकण उघडलेलं होतं. ते त्यांनी लावलं, डबा उचलला आणि स्टँडचा रस्ता धरला. पुन्हा आले नाहीत. पुढच्या ईदला चाचा दिवसभर फाटकाशी बसून होते, असं मावशी म्हणाल्या.

त्यानंतरच्या जूनमध्ये सरांनी स्टेजवर बोलावलं तेव्हा चाचा सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "साहेब, त्या गोष्टीत बोटी नव्हत्या." सगळं सांगितलं. सर भले होते, त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चाचा, पोरांना कुठं हे कळतंय? त्यांना जोर येतो ना, चालू द्या." चाचांनी त्याच दिवशी नोकरी सोडली आणि सरकारनं दिलेल्या गावातल्या घरी राहायला गेले. त्यांची गोष्ट सर पुढेही सांगत होते, म्हणे. स्टेजवर फक्त त्यांचा फोटो असायचा.

मी त्या घरी तीनदा गेले. भोवती तशीच एकसारखी घरं, रस्ते सरळ, आणि एकही जुनं झाड नाही. चाचा बाहेर ओट्यावर झोपायचे. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत, तेच मला सहन होत नसे. एकदा मी रडून म्हणाले, "मी उगाच सांगायला लावलं तुम्हाला." ते म्हणाले, "न्हाई बेटा. ते खरं होतं, ते बोलायलाच पाहिजे होतं. पण आता ईद येते ना, ती येऊ नये वाटतं." माझ्या शहाणपणानं मी त्यांचं शेवटचं माणूस तोडलं. याला दुसरा शब्द नाही, आणि कुणी समजूत घातलेली मला आवडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. चाचा सकाळी ओट्यावरून उठलेच नव्हते. भिंतीवर खडूनं माझा नंबर लिहून ठेवला होता, खाली 'लोहा'. दुसरा नंबर नव्हता. मी शेजाऱ्यांना म्हटलं, मी निघतेय, आणि आधी औशाला रशीदभाईंच्या दुकानात फोन लावला. त्यांनीच उचलला. मी सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन थांबली.

मी म्हणाले, "मी सगळ्यांना सांगते, तुम्ही येईपर्यंत थांबा म्हणून."

ते शांतपणे म्हणाले, "न्हाई बेटा. कुणाला थांबवू नको. वाट बघणं लई वाईट असतं." आणि फोन ठेवला.

औसा चाचांच्या गावाहून बसनं तासाभराच्या आत आहे. गावातले लोक भले, मी हात जोडल्यावर तयार झाले. दुपारची नमाज झाली, ऊन उतरलं, असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली तोवर आम्ही थांबलो. प्रत्येक बस आली की मी फाट्यापर्यंत जाऊन बघून आले. मग गावातल्या लोकांनी चाचांना उचललं.